हमीदाबानूनं शड्डू ठोकला!

कुस्तीत जो मला हरवील, त्याच्याशी मी लग्न करीन! १९५४ च्या फेब्रुवारीत तिशीतल्या एका बाईनं पुरुष मल्लांना हे जाहीर आव्हान दिलं. नाव हमीदाबानू, ओळख अलीगढची.

पतियाळाचा मल्ल आला, चीत. कलकत्त्याचा आला, त्याचीही पाठ मातीला लागली. मे महिन्यात बडोद्यात छोटा गामा पहिलवान उतरणार होता, त्यानं ऐन वेळी माघार घेतली. मग आला बाबा पहिलवान. अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत तोही आडवा!

उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत तिचा रोजचा खुराकसुद्धा छापून यायचा, आणि तो वाचूनच आपल्याला ढेकर येते: साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, फळांचा रस, एक अख्खी कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, बदाम, सहा अंडी, पावाच्या दोन मोठ्या लाद्या आणि दोन प्लेट बिर्याणी. झोप नऊ तास, मेहनत सहा तास.

मुंबईत तिनं रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटभराच्या आत लोळवलं. कोल्हापुरात मात्र पुरुष मल्लाला हरवल्यावर चिडलेल्या प्रेक्षकांनी दगड फेकले, पोलीस बोलवावे लागले. जिथं मल्लाला डोक्यावर घेतात, तिथं हे घडलं याचं फार वाईट वाटतं. पुण्यात तर कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रामचंद्र साळुंकेबरोबरची लढतच रद्द झाली. हमीदाबानूनं थेट तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. कुस्तीला मनाई बाई म्हणून नाही, आयोजक समोर खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असं देसाईंनी कळवलं. काही कुस्त्या नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, असतीलही. पण भर आखाड्यात पुरुषांसमोर शड्डू ठोकायची छाती तर खरी होती ना!

पुढे ती कल्याणला राहिली. रोज पाच-सहा लिटर दूध पिणारी ही बाई तिथं दूध विकून पोट भरत होती. १९८६ मध्ये ती गेली. ४ मे २०२४ ला गुगलनं आपल्या पानावर तिचं चित्र झळकवलं, तेव्हा कुठं अनेकांना तिचं नाव कळलं.

कल्याणच्या एखाद्या जुन्या घरात तिचा फोटो, कुस्तीचं एखादं हँडबिल पडून असेल, तर रद्दीत घालू नका. जपून ठेवा.