डिंकाशिवाय जुळणारे स्पिटफायर

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण फार जुने आहे. सहा फुटांचे ७२ इंच होतात, म्हणजे सहा फुटी वैमानिक इथे एक इंचाचा होतो. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर, प्रतिकृतीत तो साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे सहज तळहातावर मावेल एवढा. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ साली या प्रमाणातले जुळणीचे संच आणले. पुढे आलेला एअरफिक्सचा स्पिटफायर वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळे आणि शाळकरी मुलांनाही परवडे.

अशा संचाचे भाग बनवताना वितळलेले पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड झाल्यावर सगळे भाग एकाच चौकटीला लटकलेले बाहेर येतात. नेहमीच्या संचात डिंक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. डिंकाशिवाय जुळणाऱ्या सोप्या संचात ते काम खुंटी आणि भोक करतात. खुंटी भोकाच्या मानाने किंचित जाड असते. दाबल्यावर प्लास्टिक जरासे दबते आणि घर्षणाने पकड बसते. खरे कौशल्य साचा घडवणाऱ्याचे, कारण केसभर फरकानेही पंख डुगडुगतो किंवा खुंटी मोडते. चौकटीचा उरलेला टवका न घासताच पंख बसवला, तर सांध्यात फट राहते. रंगीत वर्तुळचिन्हे पाण्यात भिजवून शेवटी चिकटवतात.