हवामानाचा राष्ट्रीय अहवाल कोणी लिहावा?

पीक कापणी प्रयोगासाठी गावातील कोणते शेत घ्यावयाचे, हे कापणीस गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. गट क्रमांक यादृच्छिक आकड्यांवरून ठरतो. त्यात आलेले शेत बांधावरूनच डोळ्यांत भरणारे असो की तणाने माजलेले असो, कापणी तेथेच करावी लागते. यामागील कारण गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे. शेत निवडण्याची मोकळीक दिली की उत्पादनाचा आकडा कापणीपूर्वीच ठरून जातो. मग वजनकाटा कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग नाही.

हवामानातील बदलाविषयी देशाचा अहवाल तयार करावयाचा असतो, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहतो. तेथे शेताऐवजी लेखक निवडावयाचे असतात. लेखक चिठ्ठ्या टाकून निवडता येत नाहीत, कारण त्यांना विषयाचे ज्ञान हवे. परंतु जाणकार मंडळी कोणी व कशी हुडकावी याची रीत ठरलेली नसेल, तर अहवालाचा निष्कर्षही लेखणी उचलण्यापूर्वीच ठरण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना या कामाचा तीन दशकांहून अधिक काळचा अनुभव आहे आणि २०२५ साली तेथे जे घडले, त्यामुळे तो विशेष अभ्यासण्याजोगा झाला आहे.

तेथील काँग्रेसने १९९० साली जागतिक बदल संशोधन कायदा संमत केला. हवामानातील बदलाचा आढावा घेणारा अहवाल निदान दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षांस व काँग्रेसला सादर झालाच पाहिजे, असे त्या कायद्याचे बंधन आहे. कोणकोणत्या गोष्टींवर होणारे परिणाम तपासावयाचे, त्यांची यादी कायद्यातच दिलेली असून तीत नैसर्गिक पर्यावरणाच्या पाठोपाठ शेतीचे नाव येते. पुढील २५ ते १०० वर्षांत काय संभवते, याचाही विचार त्यात व्हावा लागतो. पहिला अहवाल २००० साली व दुसरा २००९ साली प्रसिद्ध झाला. मधल्या विलंबाबद्दल प्रकरण न्यायालयात गेले आणि २००७ साली न्यायालयाने सरकारला काम पुरे करण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०१४ साली तिसरा, २०१७ व २०१८ साली दोन भागांत चौथा आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचवा अहवाल निघाला.

लेखक मिळविण्याची तेथील रीत अशी की, प्रथम सरकारी राजपत्रात जाहीर सूचना दिली जाते. दुसऱ्याचे नाव सुचविता येते, तसेच स्वतःचे नावही पाठविता येते. मात्र त्याबरोबर शिक्षण, अनुभव व प्रसिद्ध झालेले संशोधन यांचा तपशील द्यावा लागतो. प्रत्येक प्रकरणास एक प्रमुख लेखक असतो व त्याच्या जोडीस केंद्रीय खात्यातील एक समन्वयक असतो. आलेल्या नावांतून व स्वतःच्या माहितीतून बाकीची मंडळी जमविण्याचे काम त्यांच्याकडे येते. जमविताना केवळ विद्वत्ता पाहून भागत नाही. सगळेच लेखक एका विद्यापीठाचे, एका प्रदेशाचे किंवा एकाच शास्त्राचे झाले, तर प्रकरण एकांगी होते. शेतीच्या प्रकरणास पीकशास्त्रज्ञ हवा, तसा मातीचा व पाण्याचा जाणकार हवा, पशुपालन समजणारा हवा आणि ग्रामीण अर्थव्यवस्था ओळखणाराही हवा. पाचव्या अहवालाच्या ३२ प्रकरणांसाठी सुमारे ५०० लेखक व २५० तांत्रिक साहाय्यक झटले, आणि त्यांत त्या देशाच्या सर्व ५० राज्यांतील मंडळी होती. सरकारी नोकरीतील तज्ज्ञ सोडले तर बहुतेकांनी हे काम विनावेतन, आपला नित्याचा व्यवसाय सांभाळून केले.

या लेखकांनी नवे प्रयोग करावयाचे नसतात. झालेले प्रयोग, मोजमापे व नोंदी चाळून त्यांतून काय निश्चित म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे त्यांना सांगावयाचे असते. म्हणूनच प्रत्येक मुख्य विधानापुढे त्याविषयीचा विश्वास फार आहे, मध्यम आहे की थोडा आहे, हे लिहावे लागते आणि तो तसा का, याचा खुलासाही जोडावा लागतो. मसुदा जनतेपुढे ठेवला जातो. त्यावर कोणीही अभिप्राय पाठवू शकतो व आलेल्या प्रत्येक अभिप्रायास उत्तर द्यावे लागते. उत्तरे नीट दिली की नाहीत, हे पाहण्यासाठी स्वतंत्र परीक्षण-संपादक नेमलेला असतो. याखेरीज राष्ट्रीय विज्ञान अकादमी मसुद्याची वेगळी तपासणी करते. हे काम कंटाळवाणे खरे, पण अहवालाचे वजन त्यावरच ठरते.

लेखकांच्या निवडीने काय साधते, हे २०१४ च्या अहवालातील शेतीच्या प्रकरणावरून दिसते. त्याचे दोन प्रमुख लेखक आयोवा या मक्याच्या राज्यातले होते. जेरी हॅटफील्ड हे कृषि खात्याच्या प्रयोगशाळेतले, तर जीन टॅकल हे तेथील विद्यापीठातले. मक्याच्या परागीभवनाच्या व दाणा भरण्याच्या काळात रात्री उष्ण राहिल्या तर उतारा घटतो, आणि २०१० व २०१२ साली मक्याच्या पट्ट्यात तसे घडले, ही गोष्ट त्या प्रकरणात आली आहे. केवळ सरासरी तापमान पाहणाऱ्याच्या ध्यानात रात्रीचे तापमान वेगळे येत नाही. पीक जवळून पाहणाऱ्याच्या येते. मिशिगन राज्यात २०१२ साली उबेमुळे फळझाडे वेळेआधी फुलली, मागून गारठा पडला आणि सुमारे २२ कोटी डॉलरांचे नुकसान झाले, हेही त्यात नोंदले आहे. अवेळी थंडीवाऱ्याने आंब्याचा मोहोर गळताना ज्याने पाहिला आहे, त्यास याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

त्या देशातील कृषि विद्यापीठांचा येथील शेतीशी जुना संबंध आहे. शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एका छताखाली चालविणाऱ्या त्यांच्या नमुन्यावरच भारतात १९६० पासून कृषि विद्यापीठे उभारली गेली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ सालचे.

सहाव्या अहवालासाठी लेखक निवडून झाले होते व काम सुरू झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने प्रथम अहवालाच्या समन्वयाचे काम पाहणाऱ्या संस्थेशी असलेला करार रद्द केला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस सुमारे ४०० लेखकांस पत्र पाठवून कामातून मुक्त केले. अहवालाच्या व्याप्तीचा फेरविचार चालू आहे, एवढेच कारण त्यात होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकन भूभौतिक संघ व अमेरिकन हवामानशास्त्र संस्था या दोन संस्थांनी या विषयावरील संशोधन-लेख एकत्रितपणे प्रसिद्ध करण्याची योजना जाहीर केली. उद्योग स्तुत्य खरा. परंतु त्यास कायद्याने मागितलेल्या अहवालाचे स्थान नाही, आणि ते त्या संस्थांनीही सांगितले.

जुलै २०२५ मध्ये तेथील ऊर्जा खात्याने हवामानावर एक निराळा अहवाल काढला. त्याचे लेखक पाच होते व ते ऊर्जामंत्र्यांनी निवडले होते. नावे मागविणारी जाहीर सूचना त्यासाठी निघाली नव्हती. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने पिकांची वाढ चांगली होते, यावर त्यात भर दिलेला आहे. ही गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. सोयाबीन, भात व गहू यांस त्या वायूचा लाभ होतो. मका, ज्वारी व ऊस यांस पाण्याचा ताण नसेल तेव्हा फारसा होत नाही. ज्यांस होतो त्या भात-गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते, आणि उष्णता व अवर्षण यांमुळे मिळालेला लाभ हातचा जाऊ शकतो. पाच जणांत पीकशास्त्राचा जाणकार असता तर ही दुसरी बाजू तितक्याच ठळकपणे मांडली गेली असती, असे मानावयास जागा आहे. सप्टेंबरच्या आरंभी ८५ हून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून त्या अहवालाचे ४०० हून अधिक पानांचे परीक्षण प्रसिद्ध केले.

भारतातही असे आढावे झाले आहेत. पर्यावरण मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१० साली निघालेल्या अहवालात हिमालय, ईशान्य भारत, सागरकिनारा व पश्चिम घाट या चार प्रदेशांतील शेती, पाणी, वने व आरोग्य यांचा विचार झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादिलेला भूविज्ञान मंत्रालयाचा अहवाल २०२० साली आला. देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस १९५१ ते २०१५ या काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटला, ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष आहे, असे तो सांगतो. मुख्यतः वातावरण व समुद्र यांचे शास्त्र मांडणारा तो ग्रंथ असल्याने लेखकही त्या शास्त्राचे आहेत. त्याच्या १२ प्रकरणांत शेतीचे स्वतंत्र प्रकरण नाही.

असे प्रकरण पुढे कधी लिहावयाचे झाले तर त्यास राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील माणसे लागतील. त्यांच्यापुढे जी सामग्री असेल तीत पर्जन्यमापकाची रोजची नोंद, कीड-रोगांचे साप्ताहिक सर्वेक्षण आणि पीक कापणी प्रयोगाचे तक्ते असतील. ज्या दिवशी पाऊस मोजलाच नाही त्या दिवसाचा रकाना मागाहून अंदाजाने भरलेला असला, तर ते त्यांना कळण्याचा मार्ग नाही.