इंजिन बंद पडल्यावर : ‘दीपक’ची पंचवीस वर्षं

नवख्या छात्राला शिकवताना प्रशिक्षक मध्येच, काही न सांगता, थ्रॉटल मागे ओढतो. इंजिनाचा आवाज खाली बसतो. छात्राने लगेच नाक खाली घालून विमानाचा वेग राखायचा, वारा कुठून येतोय ते पाहायचं, आवाक्यातलं एखादं शेत हेरायचं, इंधनाची कळ आणि इग्निशन तपासायचं आणि त्या शेताच्या दिशेने उतरणीचा हिशेब बांधायचा. जमीन जवळ आली की प्रशिक्षक पुन्हा थ्रॉटल पुढे करतो आणि विमान वर चढतं. फोर्स्ड लँडिंगचा हा सराव जगातल्या प्रत्येक उड्डाणशाळेत होतो. भारतीय हवाई दलाच्या ‘एचपीटी-३२ दीपक’वरही तो १९८४ पासून २००९ पर्यंत होत राहिला. फक्त या विमानाचं इंजिन कधीकधी कुणी थ्रॉटल न ओढताही बंद पडायचं.

दीपकच्या आधी छात्र शिकत ते ‘एचटी-२’वर. त्याचे कर्ते डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी माणूस. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या घाटग्यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये हे छोटं विमान उभं केलं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. जुन्या टायगर मॉथची जागा घेऊन एचटी-२ने वैमानिकांच्या कित्येक तुकड्या घडवल्या. घानाचं हवाई दल नव्याने उभं राहत होतं, तेव्हा तिथेही ही विमानं गेली.

एचटी-२ थकलं तेव्हा त्याचा वारस म्हणून दीपक आलं. पहिलं उड्डाण ६ जानेवारी १९७७. पूर्ण धातूची बांधणी, गुरू-शिष्य शेजारी शेजारी, चाकं पोटात न जाणारी आणि पुढे २६० अश्वशक्तीचं अमेरिकी लायकमिंग इंजिन. कागदावर यात खटकण्यासारखं काही नव्हतं. लायकमिंगच्या या घराण्यातली इंजिनं जगभरच्या छोट्या विमानांत खपलेली आहेत. दीपकच्या बाबतीत बोट दाखवलं गेलं ते इंधनपुरवठ्याच्या रचनेकडे. इंजिन धडधाकट असलं, तरी त्याच्यापर्यंत इंधन पोहोचायला हवं.

त्यात दुसरी उणीव अशी की दीपक तरंगायचं कमी आणि पडायचं जास्त. इंजिन गेल्यावर हलकं, लांब पंखांचं विमान बरंच अंतर घसरत जातं आणि वैमानिकाला निवडीला वेळ मिळतो. दीपकमध्ये उंची भराभर संपायची. सरावात निवांत वाटणारे टप्पे अशा वेळी काही सेकंदांत उरकावे लागत. उड्डाणानंतर लगेच इंजिन दगावलं, तर नियम एकच आणि तो कठोर आहे : मागे वळायचं नाही, समोर जे असेल तिथे उतरायचं. वळण घेताना उंची आणि वेग दोन्ही जातात आणि धावपट्टीच्या मोहात विमान कोसळतं. पण समोर काय असेल हे नशिबावर असतं. भाताचं ओलं खाचर दिसायला सपाट दिसतं, पण त्यात पुढचं चाक रुतलं की विमान उलटतं. विजेच्या तारा वरून जवळजवळ दिसतच नाहीत. आणि दीपकमध्ये इजेक्शन सीट नव्हती, म्हणजे विमानासोबत खाली येणं आलंच.

अशा १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. यातले बरेच जण विशी-बाविशीचे छात्र किंवा त्यांना शिकवणारे अनुभवी अधिकारी होते. महालेखापरीक्षकांनीही पुढे या विमानावर जुनाट आणि उड्डाणसुरक्षेला धोकादायक असा शेरा मारला.

मग ते इतकी वर्षं उडत कसं राहिलं? एक कारण असं दिसतं, की देशाचं लक्ष दुसरीकडे होतं. १९८२ च्या ला फाँतेन समितीपासून चर्चा होती ती प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची, कारण कोसळणारी मिग-२१ मथळ्यांत येत होती. २००४ मध्ये ब्रिटिश ‘हॉक’चा करार झाला, २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ने मिगच्या अपघातांचा संताप चित्रपटगृहांत नेला. त्या संतापात तथ्य होतंच. पण वैमानिक ज्यात पहिल्यांदा बसतो, त्या पंख्याच्या छोट्या विमानासाठी कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. लढाऊ विमान पडलं की राष्ट्रीय बातमी होते, शिकाऊ विमान शेतात पडलं तर आतल्या पानावर चार ओळी.

३१ जुलै २००९ रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगल अकादमीतून उडालेलं एक दीपक मेदक जिल्ह्यात कोसळलं आणि दोन्ही प्रशिक्षक दगावले. शिकाऊ मुलाच्या चुकीचं निमित्त पुढे करायला इथे जागाच नव्हती. सगळा ताफा, शंभरावर विमानं, जमिनीवर आणला गेला. त्यानंतर एक विलक्षण उपाय विचारात आला : विमानालाच भलंमोठं पॅराशूट बसवायचं आणि इंजिन गेलं की छोट्या रॉकेटने ते उघडून आख्खं विमान खाली आणायचं. कल्पना वेडगळ नाही, काही खासगी विमानांत ती वापरात आहे. तरीही इंधनाचा दोष तसाच ठेवून वर छत्री बांधणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणंच होतं. दीपक सेवेत परतलं नाही.

छात्रांना मग थेट ‘किरण’ जेटवर पहिले धडे घ्यावे लागले. ही सोय नव्हे, नाइलाज होता. ७५ स्विस ‘पिलाटस पीसी-७’ विमानांचा करार व्हायला मे २०१२ उजाडला आणि ३१ मे २०१३ रोजी ती दुंडिगलला रीतसर दाखल झाली. इजेक्शन सीट आली, इंजिन टर्बोप्रॉप झालं. पण धोका सरला नाही. ४ डिसेंबर २०२३ च्या सकाळी त्याच मेदक जिल्ह्यात एक पिलाटस पडलं. प्रशिक्षक आणि छात्र दोघेही वाचले नाहीत.

दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘एचटीटी-४०’चा ध्यास सोडला नव्हता. पिलाटसच्या खरेदीच्या काळात हवाई दलाला हे देशी विमान नकोच होतं, म्हणून कंपनीने स्वतःचा पैसा ओतून ते घडवलं आणि ३१ मे २०१६ रोजी उडवून दाखवलं. पुढे पिलाटसशी व्यवहार थांबले, तशी मनं पालटली आणि मार्च २०२३ मध्ये ७० विमानांची मागणी नोंदवली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या कारखान्यात त्याच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं आणि आठवडाभराने बंगळूरला पहिलं उत्पादन-विमान हवेत गेलं. तोवर दीपक जमिनीवर आणल्याला सोळा वर्षं उलटली होती.