पिशवी राहू दे, आधी टाचांवर चाला

"मॅडम, मणक्यात गॅप आलाय," म्हणत माणसं माझ्या टेबलावर एमआरआयची पिशवी ठेवतात. मी फिजिओथेरपिस्ट. पिशवी बाजूला सारते आणि चप्पल काढून आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावते. लोकांना वाटतं, बाईंना रिपोर्ट वाचता येत नाही.

परवा निफाडकडचे एक टेम्पोवाले दादा आले. द्राक्षांचे क्रेट चढवताना कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांत कळ उजव्या कुल्ल्यातून पिंढरीच्या बाहेरच्या अंगाने पावलावर उतरली. पायाचा अंगठा वर ओढून धरा म्हटलं, तर डावा दगडासारखा घट्ट. उजवा माझ्या एका बोटाने खाली गेला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी पाचवी नस दाबते, तेव्हा बहुधा असंच होतं.

आपल्या पाठीत अशा 23 गाद्या आहेत. बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत पाणीदार गर. गादी जागची सरकत नाही. कडं झिजतं, चिरतं आणि गर बाहेर डोकावतो. कंबरेतल्या शेवटच्या दोन गाद्यांवर भार सर्वांत जास्त, म्हणून बहुतेक वेळा दुखणं तिथलंच. तो गर नस दाबतो आणि तिला सूजही आणतो, म्हणून खरी कळ पायात. मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या शल्यविशारदांनी 1934 साली हा संबंध ठळकपणे मांडला.

पण गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नाही. काहीच दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. रिपोर्ट वाचूनच अंथरूण धरणाऱ्यांचा मला राग नाही, कीव येते. एक-दोन दिवस पडून राहावं, पुढे सोसेल तेवढं चालावं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते.

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेतात. साधी उसण तशीही आठवड्याभरात जातेच, श्रेय पायाळूला. पण पायात कळ असताना कंबरेवर कुणालाही उभं करू नका.

दादांना पालथं झोपवून हळूहळू कोपरांवर उठवलं. "पिंढरीतलं कमी झालं, पण कंबर जास्त दुखतेय," म्हणाले. वहिनी घाबरल्या. मला बरं वाटलं: कळ पायातून वर सरकणं ही सुधारणेची खूण. तरी अंगठ्यातली ताकद कमी म्हणून त्यांना त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनकडे धाडलं. वहिनींना बजावलं, लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.