आखूड नळी, जाड गोळी

ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, असे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत शिकविले जाते. आपल्याला काय हवे ते त्याला कळते, आपल्या निवडीचा खर्च तो स्वतःच सोसतो आणि निवड चुकलीच तर पुढच्या खेपेस तो शहाणा होतो, ही तीन गृहीतके त्या राज्याचा पाया होत. तांदूळ, साबण किंवा सायकल यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरतात. परंतु एखाद्या वस्तूच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतके एकाच वेळी कोसळत असतील, तर तेथील ‘निवडीच्या स्वातंत्र्या’ला नेमका काय अर्थ उरतो? अमेरिकेच्या बाजारात दीर्घकाळ विकली जात असलेली एक वस्तू या प्रश्नाच्या अभ्यासास फार सोयीची आहे. ती म्हणजे आखूड नळीचे, परंतु मोठ्या व्यासाची गोळी झाडणारे, खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर.

या वस्तूचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधील वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे असे ठेंगणे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि त्याच्या नकला युरोप-अमेरिकेत सर्वत्र निघाल्या. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या चार्ल्स गिटोने हेच शस्त्र वापरले. लाकडी मुठीचे घ्यावे की हस्तिदंती मुठीचे, असा प्रश्न त्याला दुकानात पडला आणि पुढे वस्तुसंग्रहालयात शोभून दिसेल म्हणून त्याने भारी मुठीचे पसंत केले, असे सांगितले जाते. शस्त्राच्या खरेदीमागे नेहमी संरक्षणाचाच शांत हिशेब असतो, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

विसाव्या शतकात या वस्तूला पुन्हा बहर आला. कोल्ट कंपनीचे २ इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५० मध्ये आले. ही दोन्ही पॉइंट ३८ ची होती. १९७३ मध्ये कनेक्टिकट राज्यातील चार्टर आर्म्स या लहानशा कंपनीने एक पाऊल पुढे टाकले. जुने, भारदस्त पॉइंट ४४ स्पेशल काडतूस तिने ३ इंची नळीच्या, सुमारे साडेपाचशे ग्रॅम वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसविले आणि त्याला पुन्हा ‘बुलडॉग’ हेच नाव दिले. १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा जणांचे बळी घेणाऱ्या खुन्याच्या हाती हेच मॉडेल होते. प्रारंभी वृत्तपत्रांनी त्या खुन्याला नाव दिले तेही या व्यासावरूनच. या कुप्रसिद्धीने वस्तू बाजारातून उठली नाही. ती आजही विकली जाते.

निवडीचे गणित

अशा शस्त्राची निवड करणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात. शस्त्र कोटाखाली दिसू नये आणि तरीही त्याच्या एकाच गोळीने हल्लेखोर थांबावा. या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत, कारण पदार्थविज्ञानाचे नियम ग्राहकाच्या सोयीने बदलत नाहीत. नळी आखूड केली की दारूच्या वायूंना गोळी ढकलण्यास अंतर कमी मिळते आणि वेग घटतो. नेम धरण्याच्या दोन खुणांमधील अंतर निम्मे झाले, तर हाताच्या त्याच चुकीने नेम दुप्पट ढळतो. गोळी जड केली आणि शस्त्र हलके केले, तर मागे बसणारा दणका वाढतो. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या शस्त्रातून झाडल्यास हाताला सोसावी लागणारी दणक्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. शिवाय जाड काडतुसे मावावीत म्हणून चक्रात सहाऐवजी पाचच घरे ठेवावी लागतात.

मोठ्या व्यासाच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर अगदीच निराधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. पॉइंट ३८ ची पोकळ तोंडाची गोळी शरीरात फुलण्यासाठी वेगावर अवलंबून असते आणि आखूड नळीत नेमका वेगच कमी पडतो. पॉइंट ४४ ची गोळी मुळातच जाड असल्यामुळे तिला फुलण्याची फारशी गरज नसते. पारंपरिक काडतुसांचा हिशेब केला तर पॉइंट ३८ ची गोळी सुमारे १० ग्रॅमची आणि पॉइंट ४४ ची सुमारे १६ ग्रॅमची भरते. दुसरीचा छेद पहिलीपेक्षा जवळजवळ ४४ टक्क्यांनी मोठा असतो. म्हणजे ग्राहकाला काही तरी अधिक मिळते, हे खरे. परंतु त्याचे मूल्य तो अचूकपणाने, सरावाच्या कंटाळ्याने आणि एका गोळीने फेडतो. दणका नकोसा झाला की सराव सुटतो आणि सराव सुटलेल्या हातातील जाड गोळी भिंतीत, शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा रस्त्यावरच्या वाटसरूला लागण्याचा संभव वाढतो.

येथेच पहिले गृहीतक ढासळते. शस्त्राची मूठ हातात कशी बसते, दणका किती बसतो, हे ग्राहकाला चाचणीच्या मैदानावर कळेल. परंतु ज्या एका कामासाठी तो पैसे मोजतो ते काम, म्हणजे हल्लेखोराला थांबविणे, ही वस्तू पार पाडील की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. बहुसंख्य ग्राहकांवर तो प्रसंग कधी येतच नाही आणि ज्याच्यावर येतो, त्याला पुन्हा निवड करण्याची संधी मिळेलच असे नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी, ‘बुलडॉग’ बाजारात आले त्याच १९७३ साली, अशा वस्तूंचे एक वेगळे विवेचन केले. ज्यांचा गुण वापरूनही सहजासहजी पारखता येत नाही आणि ज्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात, त्या या वस्तू होत. अशा बाजारात विक्रेत्याचे शब्द आणि चित्रपटातील नायकाची छबी यांना अवास्तव किंमत येते. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने पॉइंट ४४ मॅग्नमचे नाव घराघरांत नेले, ते काही प्रयोगशाळेतील चाचणीच्या बळावर नव्हे.

खर्च कोणाच्या माथी?

निवडीचा खर्च निवडणारा सोसतो, हे दुसरे गृहीतक तर याहून कच्चे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकांच्या गोळ्यांनी सुमारे ४८,८०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २६,३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे २१,००० खून. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंत मारणारा आणि मरणारा एकच होता. कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक प्रौढांचा बारा वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत गोळीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ते न बाळगणाऱ्यांच्या सुमारे ८ पट, तर स्त्रियांत सुमारे ३५ पट आढळले. २०२२ मधील त्यापुढील अभ्यासात, अशा मालकाबरोबर एकाच घरात राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. या माणसांनी कोणत्याही दुकानात कोणतीही निवड केलेली नव्हती.

तथापि रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला मूर्ख ठरवून मोकळे होणे योग्य नाही. ज्या खेड्यात पोलिसांची गाडी यायला तासभर लागतो तेथील एकटी स्त्री किंवा रात्रपाळीला दुकान उघडे ठेवणारा दुकानदार भीतीपोटी शस्त्र घेतो, तेव्हा त्याची भीती खोटी नसते. त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याचा निर्णय समंजस वाटतो. अडचण अशी की, तोच निर्णय शेजाऱ्यालाही समंजस वाटतो आणि ज्याच्यापासून दोघांनाही भय आहे त्यालाही वाटतो. समोरच्याकडे पॉइंट ३८ असेल या भयाने एक जण पॉइंट ४४ घेतो, तेव्हा समोरच्याची सुरक्षितता तेवढीच घटते. प्रत्येकाचे पाऊल शहाणपणाचे आणि सर्वांची वाटचाल वेडेपणाची, असे हे चित्र आहे. राष्ट्रांच्या शस्त्रस्पर्धेत जे घडते तेच येथे गल्लीबोळांत घडते.

कायद्याचे विचित्र माप

बाजार अपुरा पडतो तेथे कायद्याने उभे राहावे, ही अपेक्षा. अमेरिकन कायद्याने मात्र या वस्तूला बहुधा बगलच दिली. १९३४ च्या कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती. ती दबावामुळे वगळली गेली, परंतु लांब बंदुकीची नळी कापून तिचे पिस्तूल करू नये म्हणून घातलेले कलम तसेच राहिले. परिणामी ठरावीक लांबीहून आखूड नळीच्या रायफलीवर नोंदणीचे आणि २०० डॉलर कराचे ओझे आले, तर कारखान्यातूनच २ इंची नळी घेऊन आलेले रिव्हॉल्व्हर मोकळे राहिले. हा करही अशा आखूड बंदुकांपुरता १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणण्यात आला. नोंदणी तेवढी उरली.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर झालेल्या १९६८ च्या कायद्याने आयात शस्त्रांना गुणांकनाची कसोटी लावली. परदेशी रिव्हॉल्व्हरची नळी किमान ३ इंच हवी, तसेच वजन आणि व्यास मोठा असेल तर गुण अधिक, असे तिचे स्वरूप होते. स्वस्त, लहान शस्त्र तेवढे धोकादायक, ही त्यामागची समजूत. परंतु ही कसोटी देशी कारखान्यांना लागू नव्हती. आयात अडविली की देशी उत्पादकाला आयते संरक्षण मिळते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बंद झालेल्या आयातीची जागा भरून काढणारे स्वस्त पिस्तुलांचे कारखाने १९७० पासून लॉस एंजेलिसच्या परिसरात उभे राहिले. १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन झाला, त्याच्या कक्षेतून बंदुका वगळल्या गेल्या. खेळण्यातील पिस्तुलाला सुरक्षिततेचे नियम लागू होतात, खऱ्याला नाही. २००५ च्या कायद्याने उत्पादकांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासूनही अभय दिले. ग्राहकाला राजा म्हणायचे आणि त्याच्या हाती दाद मागण्याचे साधनच ठेवायचे नाही, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडचा धडा

भारतात ही निवड बहुतेकांपुढे येतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पॉइंट ३८ किंवा ९ मिलिमीटर यांसारखी पोलिस-लष्कराच्या वापरातील बोअर निषिद्ध गणली जातात. सामान्य परवानाधारकाला रिव्हॉल्व्हर मिळते ते पॉइंट ३२ चे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. याचा अर्थ आपल्याकडे प्रश्न सुटला आहे, असा नव्हे. देशी कट्टा हे आखूड नळीत रायफलीचे किंवा बारा बोअरचे काडतूस कोंबलेले शस्त्रच आहे आणि ते झाडणाऱ्याच्या हातात फुटण्याचे भयही मोठे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बंदुकीने झालेले बहुसंख्य खून विनापरवाना शस्त्रांनीच झालेले दिसतात. परवान्याचा दरवाजा अरुंद ठेवणे आवश्यक आहे, परंतु मागची खिडकी उघडी असेल तर ते पुरेसे नाही.

याहून बोलका दाखला २०१४ चा आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती, म्हणजे त्या वेळच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाहून अधिक. रात्री बसची वाट पाहणाऱ्या परिचारिकेला किंवा शिकवणीहून परतणाऱ्या विद्यार्थिनीला त्याचा काय उपयोग? हे शस्त्र ती घेऊ शकत नव्हती आणि ज्याला ते परवडत होते, त्याच्या दाराशी बहुधा पहारेकरी आधीच उभा होता.

सुरक्षितता ही रस्त्यावरच्या दिव्यासारखी वस्तू आहे. ती एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही आणि पैसे मोजले नाहीत म्हणून कोणाला अंधारात ठेवता येत नाही. वेळेवर येणारी बस, तक्रार नोंदवून घेणारे पोलिस ठाणे आणि वर्षानुवर्षे न रेंगाळणारे खटले, ही तिची खरी किंमत. ती सर्वांनी मिळून, करांच्या रूपाने मोजायची असते. राज्यसंस्था या कामात मागे हटते, तेव्हा तीच सुरक्षितता तुकड्यातुकड्यांनी, व्यास आणि नळीच्या लांबीच्या भाषेत विकली जाऊ लागते. त्या दुकानात कितीही चोखंदळपणे निवड केली, तरी विकत मिळते ते शस्त्र. निर्भयता तेथे मिळत नाही.