नवा रस्ता आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता

शहरातील एखाद्या जुन्या रस्त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले की रहिवाशांना प्रथम समाधान वाटते. खड्डे बुजलेले असतात, धूळ कमी होते, पावसाळ्यातील चिखलाचा त्रास संपतो. परंतु काही दिवसांतच एक नवी चिंता व्यक्त होऊ लागते. वाहने पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागतात आणि शाळेत जाणारी मुले, वृद्ध व रुग्ण यांना तोच रस्ता ओलांडणे कठीण होते. या चिंतेमागे ठोस कारणे आहेत. बंगळूरमधील चामराजपेटसारख्या जुन्या वस्तीच्या संदर्भात ती अधिक स्पष्टपणे समजून घेता येतात.

जुनी आखणी, नवी वाहतूक

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकांना बंगळूरचे नाव परिचित आहे. त्या काळातील तटबंदीचे शहर आणि किल्ला यांच्या लगत १८९२ मध्ये चामराजपेट ही नियोजित वसाहत आखण्यात आली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला देण्यात आले. पाच मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे नऊ आडवे रस्ते अशी तिची चौकटीसारखी रचना आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय याच वस्तीत आहे.

ही आखणी पायी चालणारी माणसे आणि घोडागाड्या यांच्या काळातील आहे. आज वस्तीच्या उत्तरेला म्हैसूर रस्ता, पूर्वेला कृष्णराजेंद्र बाजार व व्हिक्टोरिया रुग्णालय, तर दक्षिणेला बसवनगुडी आहे. २०१७ मध्ये बाजाराजवळ मेट्रोचे भुयारी स्थानकही सुरू झाले. चौकटीच्या रचनेत सरळ रस्ते आणि थोड्या थोड्या अंतरावर येणारे चौक ही दोन वैशिष्ट्ये असतात. सरळ रस्ता वेगाला वाव देतो, तर प्रत्येक चौकात वाहने व पादचारी यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. खडबडीत पृष्ठभागामुळे वेगावर जो आपोआप अंकुश राहत होता, तो नूतनीकरणानंतर नाहीसा होतो. त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था मात्र बहुधा अंदाजपत्रकात धरलेली नसते.

वेगाचे गणित

संकट दिसल्यानंतर चालकाला ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. या अवधीत ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १२.५ मीटर, तर ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे २१ मीटर पुढे जाते. कोरड्या व चांगल्या रस्त्यावर पहिली मोटार एकूण १७-१८ मीटरमध्ये थांबू शकते. दुसरीला ३५ मीटरच्या आसपास अंतर लागते. म्हणजेच २० मीटरवर एखादे मूल अचानक रस्त्यात आले, तर पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबेल. दुसरीचा ब्रेक तोवर लागलेलाही नसेल. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती या दुसऱ्या स्थितीत सुमारे पावणेतीन पट असते. याउलट, एक किलोमीटर अंतर ताशी ५० ऐवजी ३० किलोमीटर वेगाने कापल्यास केवळ ४८ सेकंद अधिक लागतात.

देशाची आकडेवारी या गणिताला दुजोरा देते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते.

गतिरोधक हा एकमेव उपाय नव्हे

अशा परिस्थितीत रहिवाशांची पहिली मागणी गतिरोधकांची असते. ती स्वाभाविक असली तरी गतिरोधकाचा आकार महत्त्वाचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच अशा गोलाकार गतिरोधकाची शिफारस केली होती. त्यावरून वाहन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने धक्का न बसता जाऊ शकते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अरुंद व उभट उंचवटे घातले जातात. त्यांवर रंगाचे पट्टे नसतात आणि पूर्वसूचनेचे फलकही नसतात. असे उंचवटे दुचाकीस्वारांना घातक ठरतात आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला त्रासदायक होतात.

रस्त्याच्या रचनेतूनच वेग मर्यादित ठेवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. मार्गिकांची रुंदी गरजेपुरती ठेवणे, चौकातील वळणाचे कोपरे कमी गोलाकार ठेवून वळणाऱ्या वाहनांना वेग कमी करण्यास भाग पाडणे, पादचारी पट्ट्यांची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घेणे आणि रुंद रस्त्याच्या मध्यभागी पादचाऱ्यांसाठी सुरक्षित थांबा देणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. वस्तीतील पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे पादचारी सुविधांविषयीची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते. पदपथ फार उंच असेल तर वृद्ध माणसे रस्त्यावरूनच चालणे पसंत करतात. जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर देताना रस्त्याची पातळी वाढली, तर पदपथ खुजा ठरतो, दुचाकी त्यावर सहज चढतात आणि पावसाचे पाणी घरांकडे वळते. म्हणून थर, गटार व पदपथ यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

बंगळूरमध्ये ‘टेंडर शुअर’ पद्धतीने मध्यवर्ती भागातील काही रस्त्यांची २०१४-१५ च्या सुमारास पुनर्रचना झाली. मार्गिकांची रुंदी सर्वत्र समान ठेवणे, पदपथ रुंद करणे आणि विविध वाहिन्या पदपथाखाली नेऊन वारंवार होणारी खोदाई टाळणे, ही तिची सूत्रे होती. पुणे महानगरपालिकेनेही २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले. तथापि, दुकाने, मालाची चढउतार आणि दाट वस्ती असलेल्या चामराजपेटसारख्या भागात ही सूत्रे स्थानिक गरजेनुसार लागू करावी लागतील. माल उतरविण्यासाठी निश्चित जागा व वेळ ठरविली नाही, तर रुंद पदपथावर वाहनेच उभी राहतील.

कायदा आणि लोकसहभाग

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट केलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांविषयीची मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. २०२५ मध्ये बंगळूरची एकच महानगरपालिका जाऊन एक प्राधिकरण व त्याखाली पाच महानगरपालिका अशी रचना झाली. प्रशासन बदलले तरी मुले कोठे रस्ता ओलांडतात, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, कोठे दुचाकी उलट दिशेने येतात, ही माहिती रहिवाशांकडेच असते. ती काम पूर्ण झाल्यावर तक्रारीच्या रूपाने न येता नकाशा तयार होत असतानाच मिळाली, तर तिचा खरा उपयोग होतो. रस्ता सुरक्षा परीक्षणाची पद्धत यासाठीच आहे. आराखडा, बांधकाम आणि रस्ता खुला करण्यापूर्वीची पाहणी अशा टप्प्यांवर ते करता येते.

यादृष्टीने पादचारी पट्टे, फलक, दिवे आणि उंचावलेले चौक ही कामे मूळ निविदेतच समाविष्ट असावीत. ती पूर्ण झाल्याखेरीज अंतिम देयक अदा होऊ नये. पृष्ठभाग गुळगुळीत झाला म्हणजे काम संपले, असे मानण्याची प्रथा बदलली, तर नूतनीकरणाचा लाभ वाहनचालकांइतकाच पायी चालणाऱ्या नागरिकांनाही मिळेल.