शंभर नको, ऐंशी बरे!

मुलांनो, जानेवारी २००४ मध्ये मंगळावर एक सहा चाकांची गाडी उतरली. तिचं नाव ऑपॉर्च्युनिटी. नासाच्या शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी मंगळावरच्या ९० दिवसांचं काम आखलं होतं. प्रत्यक्षात ती चालली चौदा वर्षांहून जास्त! दिवसा सौर पट्ट्यांवर ऊन पडायचं, बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. मंगळाच्या गोठवणाऱ्या रात्री त्याच बॅटऱ्यांवर ती तग धरायची. जून २०१८ मध्ये धुळीच्या प्रचंड वादळाने सूर्यच झाकून टाकला, तेव्हा कुठे तिचा संदेश यायचा थांबला. तोपर्यंत तिच्या बॅटऱ्या हजारो वेळा चार्ज झाल्या होत्या.

आता गंमत ऐका. त्या बॅटऱ्या होत्या लिथियम-आयन जातीच्या. तुमच्या घरातल्या लॅपटॉपची बॅटरीसुद्धा त्याच जातीची! मग ती तीन-चार वर्षांतच अशी का दमते, की वायर काढली की अर्ध्या तासात पडदा काळा? मंगळावरच्या बॅटऱ्या खास बनवलेल्या होत्या, हे तर खरंच. पण त्यांची निगाही तितक्याच प्रेमाने राखली जात होती. त्यातल्या काही युक्त्या तुम्हाला घरबसल्या करता येतील. त्यासाठी आधी बॅटरीच्या आत डोकावूया. मनानेच बरं का! खरी बॅटरी कधीही उघडायची नाही.

आत काय चाललंय?

बॅटरीच्या एका बाजूला असतो धातूच्या ऑक्साइडचा थर. त्यात कोबाल्ट, निकेल, मँगनीज असे धातू असतात. दुसऱ्या बाजूला असतं ग्रॅफाइट, म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. मध्ये असतो अगदी पातळ, बारीक छिद्रांचा पडदा, आणि सगळीकडे भिनलेला एक द्रव, इलेक्ट्रोलाइट. या सगळ्यातून ये-जा करतात लिथियमचे आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेले लिथियमचे अणू. लिथियम हा सगळ्यात हलका धातू. इतका हलका, की तो तेलावरसुद्धा तरंगतो!

आता कोकणातले चाकरमानी डोळ्यांसमोर आणा. धातूचं ऑक्साइड म्हणजे त्यांचं गाव आणि ग्रॅफाइट म्हणजे मुंबई. तुम्ही चार्जर लावता, तेव्हा वीज या लिथियमच्या मंडळींना गावातून उठवून मुंबईत नेऊन बसवते. त्यांना ओढ मात्र गावचीच! चार्जर काढून लॅपटॉप चालू केला रे केला, की ती घराकडे निघतात. गंमत अशी, की आयन जातात आतल्या द्रवातून, पण त्यांचे इलेक्ट्रॉन त्या वाटेने जाऊ शकत नाहीत. माणसं रेल्वेने आणि सामान ट्रकने, असा हा प्रकार. इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारांमधून, लॅपटॉपच्या आतून वळसा घालून जावं लागतं. जाता जाता ते पडदा उजळतात, पंखा फिरवतात, तुमचा प्रकल्प टाइप करून घेतात. वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज!

बॅटरी शंभर टक्के भरली म्हणजे काय झालं? बरेचसे चाकरमानी मुंबईत. तिथल्या खोल्या खच्चून भरलेल्या आणि गाव ओस पडत चाललेलं. गावातली घरं वर्षानुवर्षं बंद राहिली तर काय होतं, हे कोकणातल्या मुलांना विचारा. भिंती ओल धरतात, छप्पर खचतं. ऑक्साइडच्या थरांचंही तसंच. त्यातून फार लिथियम निघून गेलं, तर थर जागचे हलतात, त्यांना बारीक चिरा पडतात. म्हणून बॅटरी बनवणारे 'पूर्ण चार्ज' म्हणतानाही काही आयन गावातच राहतील अशी सोय करतात. तरीही शंभराच्या जवळ गेलं, की ताण वाढतोच.

मुंबईच्या टोकालाही एक भानगड आहे. बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते, तेव्हा ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर जमतो. तो हवाच, कारण तो ग्रॅफाइटचं रक्षण करतो. पण पुढे तो हळूहळू जाड होत राहतो, आणि त्यासाठी लिथियमचे आयन वापरले जातात. तिथे अडकलेले आयन ना मुंबईचे, ना गावचे! ये-जा करणारी मंडळी कमी झाली, की बॅटरीत कमी वीज मावते. आपण म्हणतो, "बॅटरी उतरली." खरं तर तिचे प्रवासीच कमी झालेले असतात.

दोन शत्रू

हे नुकसान दोन गोष्टींमुळे फार झपाट्याने होतं. पहिली गोष्ट म्हणजे जास्त व्होल्टेज. लॅपटॉपच्या बॅटरीत छोटे छोटे सेल असतात. असा एक सेल जवळजवळ रिकामा असतो तेव्हा सुमारे ३ व्होल्ट देतो आणि पूर्ण भरतो तेव्हा सहसा ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. व्होल्टेज जितकं वर, तितक्या आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया जोरात.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं, की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आत तर त्याहूनही जास्त. अशा मोटारीत पूर्ण भरलेला लॅपटॉप ठेवला, की दोन्ही शत्रू एकदमच भेटले म्हणायचे!

आणि हे लक्षात घ्या, बॅटरी नुसत्या वापराने झिजत नाही. काही न करता पडून राहिली तरी तिचं वय वाढतच असतं. भरलेली आणि तापलेली बॅटरी कपाटात ठेवली, तर ती एकदाही न वापरता कमजोर होऊ शकते. आहे की नाही आश्चर्य!

म्हणूनच तर मंगळावरच्या गाडीत बॅटऱ्यांच्या तापमानाची एवढी काळजी घेतली होती. तिथे प्रश्न थंडीचा होता. गाडीच्या आतल्या ऊबदार कप्प्यात किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारे आठ छोटे हीटर बसवले होते. प्रत्येकाची उष्णता अवघी एक वॅटच्या आसपास! फार थंडीत चार्ज केलं, तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच धातूसारखं साचतं, आणि ते धोक्याचं असतं. म्हणून शून्य अंशाखाली बॅटरी चार्ज करू नये असं सांगतात. आपल्याकडे मात्र सांभाळायचं ते उन्हापासून.

आजोबांचा सल्ला बरोबर की चूक?

"बॅटरी पूर्ण संपू दे, मगच चार्जिंगला लाव," असं घरात कुणीतरी सांगतं ना? हा सल्ला एके काळी बरोबर होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केलं, तर त्या पुढे तेवढीच वीज द्यायला लागायच्या. लिथियम-आयन बॅटरीला ही खोड नाही. उलट तिला अगदी शून्यापर्यंत ओढणं त्रासाचं. तिला मधला टप्पा आवडतो, साधारण २० ते ८० टक्के.

"मग थोडं थोडं चार्ज केलं तर आवर्तनं लवकर संपतील ना?" नाही! आवर्तन, म्हणजेच सायकल, एकूण वापरावर मोजतात. आज ५० टक्के वापरली, पुन्हा भरली आणि उद्या आणखी ५० टक्के वापरली, तर दोन दिवस मिळून एक आवर्तन झालं. ॲपल कंपनी आपल्या हल्लीच्या मॅकबुकच्या बॅटऱ्यांसाठी १००० आवर्तनांची मर्यादा सांगते. तितक्या आवर्तनांनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी, अशी त्यांची रचना असते.

आणखी एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रात्रभर वायर लावून ठेवली, तर बॅटरीत वीज भरतच राहते का? तसं होत नाही. बॅटरी भरली की आतलं नियंत्रण मंडल चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप सरळ ॲडॅप्टरच्या विजेवर चालतो. त्रास होतो तो बॅटरी दिवसेंदिवस शंभरावर बसून राहते, त्याचा. शिवाय लॅपटॉप चालू असेल, तर त्याची ऊबही तिला सोसावी लागते.

मग करायचं काय?

घरातला लॅपटॉप दिवसभर टेबलावर वायर लावूनच चालत असेल, तर त्याला ८० टक्क्यांची मर्यादा घाला. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही सोय आधीच असते, फक्त ती चालू करावी लागते. एसूसमध्ये ती 'बॅटरी हेल्थ चार्जिंग' या नावाने मिळते, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड' नावाने. ॲपलचं 'ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग' तुमच्या सवयी पाहून ८० च्या पुढचं चार्जिंग लांबवतं. अशी सोय नसेल, तर ८० च्या आसपास वायर काढा आणि २०-३० वर आली की पुन्हा लावा. आकडा काटेकोर पाळायची गरज नाही. ७५ किंवा ८५ झाले म्हणून काही बिघडत नाही.

प्रवासाला निघायचंय, शाळेत सादरीकरण आहे किंवा भारनियमन आहे? मग खुशाल शंभर टक्के भरा! निघायच्या थोडं आधी भरा आणि लगेच वापरा. भरणं वाईट नाही, भरून नुसतं ठेवणं वाईट.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. बहुतेक लॅपटॉपच्या खाली किंवा कडेला हवेसाठी फटी असतात, त्या बुजतात आणि आतली उष्णता कोंडते. टेबल, पाट, मोठं कडक पुठ्ठ्याचं पुस्तक, काहीही चालेल. फक्त सपाट आणि टणक हवं.

सुट्टीत महिनाभर लॅपटॉप बंद राहणार असेल, तर तो अर्धा भरलेला ठेवा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा.

आणि एक गोष्ट अगदी मनावर कोरून ठेवा. लॅपटॉपचं झाकण नीट लागत नाहीये, तळ फुगलाय, टचपॅड वर उचललं गेलंय, असं दिसलं तर बॅटरीत वायू साठलेला असू शकतो. लगेच चार्जिंग थांबवा आणि मोठ्यांना सांगा. ती दाबायची नाही, टोचायची नाही.

करून बघा : बॅटरीची तपासणी

हा प्रयोग ताई, दादा किंवा आई-बाबांना बरोबर घेऊन करा. विंडोज लॅपटॉपमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून बॅटरीचा अहवाल म्हणजे 'बॅटरी रिपोर्ट' मागवता येतो. त्यात दोन आकडे शोधा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना किती वीज मावायची आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आता किती मावते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि १०० ने गुणा. समजा, पहिला आकडा ५०,००० आहे आणि दुसरा ४३,०००, तर तुमच्या बॅटरीची तब्येत ८६ टक्के. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि आलेख काढा. ८० ची मर्यादा घालण्याआधी आणि नंतर आलेखाचा उतार बदलतो का, ते पाहा. मधूनच आकडा थोडा वर-खाली झाला तर घाबरू नका, लॅपटॉपचं मोजमाप अंदाजानेच असतं.

ही बॅटरी कुणाच्या डोक्यातून निघाली?

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी थरांमध्ये लिथियम शिरू आणि निघू शकतं, या कल्पनेवर बॅटरी बनवली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचं व्होल्टेज ४ पर्यंत नेलं. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनचा पदार्थ वापरून ती सुरक्षित केली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. लहानपणी त्यांना वाचताना खूप अडचण यायची, हेही तुम्हाला सांगायलाच हवं.

वाचवलेली बॅटरी

बॅटरी दोन वर्षं जास्त टिकली, तर घरचे पैसे वाचतात, हे झालंच. पण तेवढंच नाही. बॅटरीतलं लिथियम ऑस्ट्रेलियातल्या खाणींतून आणि चिलीच्या मिठागरांतून येतं. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगो देशातून येतं, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंसुद्धा राबतात. आपण बॅटरी जपून वापरली, तर नवी बॅटरी उशिरा लागते आणि जमिनीतून तेवढं कमी उपसावं लागतं.

शेवटी बॅटरी खरोखरच संपली, तर ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दबली तर पेट घेऊ शकते. ती दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, म्हणजे आतले धातू पुन्हा कामाला येतील. भारतात २०२२ पासून वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियमही आहेत.

तर मुलांनो, आज घरातल्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा शोधा आणि मोठ्यांना विचारून ती चालू करा. बॅटरीला मधे ठेवा, थंड ठेवा. एवढं केलंत, तरी ती तुम्हाला बरीच जास्त वर्षं साथ देईल.